'रेअर' म्हणे! लॅप स्टीलच्या मागे शिकागो ते ओहायो

पहिलंच सांगतो, चिठ्ठीवर 'रेअर' लिहिलेलं दिसलं की सरळ पुढच्या दुकानात जा. तीन दिवस, साडेआठशे मैल आणि ७५ डॉलर घालवून एवढं एक शिकलो.

बाबा सांगलीला वॅन शिपलींच्या रेकॉर्डी लावून हवाईयन गिटार (इथे तिला लॅप स्टील म्हणतात) मांडीवर आडवी घेऊन घासायचे, तो किडा माझ्यातही होताच, शिकागोला आल्यावर वळवळायला लागला. त्यात ओहायोतल्या एका माणसाची जाहिरात दिसली, दुसऱ्या महायुद्धापूर्वीची, रिकनबॅकर कंपनीची बेकलाइटची लॅप स्टील, १९३६, अत्यंत दुर्मिळ वगैरे. फोनवर माणूस एकदम गोड. म्हणाला अजून दोघं मागे लागलेत, राखून ठेवायचे ७५ डॉलर पाठव, घेतलीस तर किमतीत वळते करतो. पाठवले. नाही घेतली तर काय, हे विचारलंच नाही. तुम्ही विचारा, आणि लेखी घ्या.

मग मित्राला, पक्याला, गाडीत घातला आणि ऑक्टोबरातल्या एका शुक्रवारी निघालो. इंटरस्टेट ८०-९४ चा गॅरीजवळचा पट्टा म्हणजे दोन्ही बाजूंनी ट्रक, मध्ये आपण, वरून पाऊस. सकाळी सहाच्या आत पार करा नाहीतर दहानंतर निघा. आणि मिशिगनमध्ये घड्याळ एक तास पुढे जातं हे लक्षात ठेवा, जुन्या वस्तूंची मॉल्स बऱ्याचदा पाचला बंद होतात, आमचं एक त्यापायीच हुकलं. इंडियानात शिप्शेवानाचा मोठा बाजार असतो पण तो मे ते सप्टेंबर आणि तोही मंगळवार-बुधवार, म्हणजे आमचा महिनाही चुकला आणि वारही. कलामाझूला पार्सन्स स्ट्रीटवर गिब्सन या गिटार कंपनीची जुनी फॅक्टरी आहे, गिब्सन १९८४ ला तिथून नॅशव्हिलला गेली. चिमणीचा फोटो काढला, झालं.

आता मुख्य रड. त्या माणसाच्या गराजमध्ये पोचलो तेव्हा पाठ मोडलेली होती. केस उघडली आणि गिटार सुंदर होती, खोटं कशाला बोलू. बेकलाइट म्हणजे आपल्याकडच्या जुन्या विजेच्या काळ्या बटणांचं मटेरियल, तसली काळी कुळकुळीत आणि हातात दगडासारखी जड. पण या गिटारींचं वय कळतं ते चुंबकावरून. घोड्याच्या नालेसारखी दोन चुंबकं समोरासमोर असतात आणि तारा त्यांच्या पोटातून जातात. युद्धापूर्वीची नाल दीड इंच रुंद, नंतरची सव्वा. पक्याने खिशातून टेप काढली, लावली आणि माझ्याकडे बघितलं. सव्वा. पाव इंचाने गंडलो! तो गृहस्थ म्हणतो, पण कंपनीच्या नावात 'के'च्या जागी 'एच' आहे ना (Rickenbacher), जुनं स्पेलिंग आहे. अहो, ते स्पेलिंग युद्धानंतरही काही वर्षं चालू होतं. आणि चूक माझीही आहेच, फोटोत गिटारीच्या अंगावरच्या झाकण्या पांढऱ्या दिसत होत्या, १९३६ ची असती तर क्रोमच्या असत्या, तिथेच कळायला हवं होतं. मी भाव कमी करा म्हटलं तर म्हणे ७५ डॉलर वेगळे, ते राखून ठेवायचे होते, वळते-बिळते काही म्हणालो नव्हतो. पक्या म्हणाला, येड्या, चल इथून. निघालो. ७५ गेले ते गेले.

रागात जेवण गेलं नाही, मग रात्री मोटेलमध्ये वहिनींचे धपाटे खात पक्याशी वाद घातला की मग दुर्मिळ आहे तरी काय. माझं मत सांगतो. अमेरिकेत १९१५ च्या सॅन फ्रान्सिस्कोच्या प्रदर्शनानंतर हवाईयन संगीताचं जे वेड पसरलं, त्यात क्लासवाल्यांनी पोराटोरांना धड्यांसकट गिटारी विकल्या, क्लीव्हलंडची ओआहू कंपनी तर यातच होती. पोरांनी सहा महिन्यांत क्लास सोडला आणि गिटार पलंगाखाली गेली. म्हणून सुप्रो, ओआहू, मॅग्नाटोन, डिकर्सन या ब्रँडच्या गिटारी, गिब्सनची बीआर-९, नॅशनलची ती काळी-पांढरी पायऱ्यापायऱ्यांची न्यूयॉर्कर, या आजही ढिगाने मिळतात. एका मॉलमध्ये साध्या सुप्रोला ११०० डॉलरची चिठ्ठी होती, ठार वेडेपणा. अकॉर्डियनवर असतो तसला मोतिया प्लास्टिकचा पत्रा बघून भुलू नका, तो आकसतो आणि कडेने सुटतो, नखाने हलकेच दाबून बघा. लाकडी गिब्सन ईएच-१५० महाग आहे, दुर्मिळ नाही. १९३५ ची अल्युमिनियमची गिब्सन मात्र खरंच दुर्मिळ, शंभराच्या आसपासच बनल्या. रिकनबॅकरचं १९३२ चं अल्युमिनियमचं फ्राइंग पॅन (तव्यासारखा आकार म्हणून हे नाव) ही बाजारात चाललेली पहिली इलेक्ट्रिक गिटार, त्याला जो काय भाव सांगतील तो सांगू दे, निदान कारण तरी आहे. पण अल्युमिनियम गरम झालं की सूर हलतो, म्हणून तर पुढे बेकलाइट आणलं, त्यामुळे रोज वाजवायला घेत असाल तर माझ्या मते नकोच.

खरी दुर्मिळ गोष्ट म्हणजे कोणी हात न लावलेली गिटार. ईएच-१५० चे आणि सुप्रोचे पिकअप (तारांचा आवाज पकडणारा चुंबकाचा भाग) काढून लोक साध्या इलेक्ट्रिक गिटारीत बसवतात, मागे सांगाडा उरतो आणि तो 'रेअर' म्हणून विकायला येतो. म्हणून टेप, छोटा स्क्रूड्रायव्हर, टॉर्च आणि बॅटरीवरचा अँप, हे घेतल्याशिवाय निघू नका. झाकणी उघडून पॉटच्या (आवाज कमी-जास्त करायच्या बटणाखालचा भाग) पाठीवरचे आकडे वाचा, १३७ म्हणजे सीटीएस कंपनीचा, ३०४ म्हणजे स्टॅकपोलचा, पुढे साल आणि आठवडा असतो. पॉट बदललेला असू शकतो, सोल्डर चकचकीत आहे का तेही बघा. झाकणी उघडू देत नसेल त्याच्याकडून घेऊ नका, मग तो कितीही गोड बोलो.

क्लीव्हलंडचा दिवस मस्त गेला, त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही.

परतताना टोल रोडने आलात तर टोलची तयारी ठेवा, आम्ही चिडून एल्कहार्टला खाली उतरलो आणि एका अंधाऱ्या दुकानात राखाडी मोतिया डिकर्सन सापडली, केस तुटकी, एक खुंटी वाकडी, १८० डॉलर. चिठ्ठीवर फक्त 'जुनी गिटार' एवढंच लिहिलं होतं. अँपला लावली आणि पहिल्या मींडेलाच पक्या म्हणाला, घे. आता रात्रीचे दीड वाजलेत, उद्या ऑफिस आहे आणि ती अजून मांडीवरच आहे, त्यामुळे वर भावांबद्दल जरा जास्त तडकून लिहिलं असेल तर सांभाळून घ्या. ७५ डॉलरवाल्याला मेसेज केलाय, उत्तर नाही.