प्रियसची बॅटरी गेली तर? तुम्ही विचारलंत म्हणून

इथे कॅलिफोर्नियाच्या बे एरियात नवीन आलेली मुलं जुनी गाडी शोधायला लागली की महिन्याभरात माझ्यापर्यंत पोचतात. आमच्या दारात २०१० सालची टोयोटाची प्रियस, म्हणजे पेट्रोल इंजिनाला बॅटरीची जोड असलेली हायब्रिड गाडी, उभी असते आणि ती अजून चालते, एवढीच माझी पात्रता. प्रश्न ठरलेला: "काकू, प्रियस स्वस्तात मिळतेय, पण बॅटरी गेली तर?" हल्ली पुण्याहूनही फोन येतात, कारण तिकडे आता नात्यात दोन-तीन घरी हायब्रिड गाड्या आल्या आहेत. प्रत्येकाला वेगवेगळं सांगत बसण्यापेक्षा एकदा नीट लिहून टाकते.

आधी आकडे, कारण खरं तर तेच हवे असतात. दुसऱ्या आणि तिसऱ्या पिढीच्या प्रियसची, म्हणजे साधारण २००४ ते २०१५ च्या गाड्यांची, हायब्रिड बॅटरी डीलरकडे मूळ कंपनीची कोरी घालून घेतली तर मजुरीसकट साधारण ३,००० ते ४,५०० डॉलर लागतात. जुन्या बॅटरीतले बरे सेल निवडून जुळवलेली रीबिल्ट बॅटरी १,२०० ते २,००० मध्ये मिळते. आणि मधला पर्याय म्हणजे टोयोटाने नव्हे, दुसऱ्या कुणी बनवलेले पण कोरे सेल असलेली. तिचे पैसेही मधलेच.

आकडा ऐकून बरेच जण सुटकेचा श्वास सोडतात, कारण डोक्यात इलेक्ट्रिक गाडीच्या बॅटरीची किंमत बसलेली असते. तो घोळ एकदाचा मिटवू. या प्रियसची बॅटरी २०१.६ व्होल्टची आणि जेमतेम १.३ किलोवॉट-तासांची आहे. भारतात २०२० साली आलेल्या पहिल्या नेक्सॉन ईव्हीत ३०.२ किलोवॉट-तासांची होती. म्हणजे प्रियसची बॅटरी तिच्या तेविसाव्या हिश्श्याएवढी. प्रियस काही बॅटरीवर गावाला जात नाही. ब्रेक मारताना वाया जाणारी ताकद साठवायची आणि सिग्नल सुटला की इंजिनाला हात द्यायचा, एवढंच तिचं काम.

आणि ते काम करता करता ती इतकी वर्षं टिकते कशी, तर गाडीचा संगणक तिला कधी पूर्ण भरू देत नाही आणि कधी पूर्ण रिकामी होऊ देत नाही. साधारण ४० ते ८० टक्क्यांच्या मध्येच खेळवत ठेवतो. आत निकेल-मेटल हायड्राइडचे २८ मॉड्यूल एकापाठोपाठ एक जोडलेले असतात, प्रत्येकात सहा सेल. सगळे एकाच दमात थकत नाहीत. आधी एखादाच बसतो, आणि मग बैलजोडीतला एक बैल लंगडायला लागल्यावर व्हावं तसं होतं: बाकीच्यांमध्ये दम असूनही गाडी त्याच्याच चालीने चालते. पडद्यावरचे बॅटरीचे पट्टे भराभर चढतात, भराभर उतरतात. मागच्या सीटजवळचा पंखा उगाच घोंघावायला लागतो. मायलेज पडतं. शेवटी लाल त्रिकोण पेटतो आणि कोड वाचला तर पी-शून्य-ए-ऐंशी निघतो. त्याचा अर्थच 'हायब्रिड बॅटरी पॅक बदला' असा आहे.

तेव्हा एक सल्ला हमखास मिळतो: "एकच मॉड्यूल गेलाय ना, तेवढा बदल, दीडशे डॉलरात काम." ऐकू नका. पंधरा वर्षं जुन्या सत्तावीस भावंडांत एक नवा किंवा कमी वापरलेला मॉड्यूल घातला की त्याची आणि बाकीच्यांची क्षमता जुळत नाही, आणि थोड्या महिन्यांत दुसरा कुणीतरी बसतो. गाडी विकून मोकळं व्हायचं असेल त्यांचा हा उद्योग आहे. त्यामुळे जुनी गाडी बघताना विक्रेता "बॅटरीचं काम नुकतंच केलंय" म्हणाला तर अख्खी बदलली की मॉड्यूल बदलला, आणि पावती कुठे आहे, हे विचाराच. आणि घरी यूट्यूब बघून करायला जाऊ नका. दोनशे व्होल्टचा डीसी करंट आहे. केशरी रंगाच्या केबल उगाच केशरी नसतात.

आता वॉरंटी. इथे लोक जास्त फसतात, कारण आकडा एक असतो आणि अटी तीन.

पहिली अट म्हणजे वॉरंटीचं घड्याळ तुम्ही गाडी घेतली त्या दिवसापासून सुरू होत नाही. गाडी पहिल्यांदा रस्त्यावर आली त्या दिवसापासून होतं. मॉडेलचं साल आणि ती तारीख यांत कधीकधी वर्षभराचं अंतर असतं. डीलरला गाडीचा चासी नंबर (व्हीआयएन) दिला की तो तारीख सांगतो, पैसे लागत नाहीत.

दुसरी, राज्य. २०१९ सालापर्यंतच्या मॉडेलला टोयोटाची हायब्रिड बॅटरीची वॉरंटी अमेरिकेत सर्वसाधारणपणे ८ वर्षं किंवा १ लाख मैल होती. कॅलिफोर्नियात आणि इथले प्रदूषणाचे नियम उचललेल्या न्यूयॉर्क, मॅसॅच्युसेट्ससारख्या राज्यांत हीच वॉरंटी प्रियसला १० वर्षं किंवा दीड लाख मैल मिळायची. २०२० च्या मॉडेलपासून कंपनीने देशभर १० वर्षं आणि दीड लाख मैल करून टाकलं. त्यामुळे आज २०२० किंवा २०२१ ची प्रियस घेणाऱ्याला बॅटरीची काळजी करायचं फारसं कारणच नाही. दोन्हींपैकी जे आधी होईल ते, हे विसरायचं नाही. उबर चालवलेली गाडी तीन-चार वर्षांत मैल संपवते.

तिसरी अट आपल्या मुलांसाठी सगळ्यात महत्त्वाची. निम्म्या किमतीत मिळणारी चकचकीत प्रियस पुष्कळदा सॅल्व्हेज टायटलची असते, म्हणजे अपघातात किंवा पुरात विमा कंपनीने मोडीत काढलेली आणि नंतर कुणीतरी उभी केलेली. तिची कंपनीची वॉरंटी संपली, मग वर्षं आणि मैल कितीही शिल्लक असोत. टायटलचा कागद हातात घेऊन वाचल्याशिवाय पैसे देऊ नका, विकणारा कितीही गोड बोलला तरी.

आणि एक भीती उगाचची. "बाहेर ऑइल बदललं तर वॉरंटी जाते" असं कुणी सांगितलं तर हसून सोडून द्या. इथे १९७५ पासून त्याविरुद्ध केंद्राचा कायदा आहे. पावत्या मात्र ठेवा.

वॉरंटी संपल्यावर काय, हा आमच्या घरचा प्रश्न होता. लाल त्रिकोण पेटला तेव्हा ह्यांचं म्हणणं, डीलरकडेच जाऊ, एकदाच खर्च आणि डोक्याला ताप नाही. माझं म्हणणं, एवढ्या जुन्या गाडीत चार हजार घालायचे नाहीत. शेवटी कोऱ्या सेलची, पण टोयोटाची नसलेली, बॅटरी घेतली. माणूस घरी आला, दारातच मागची सीट उलगडून जुनी काढली, नवी बसवली. त्याने जुनीचे तांब्याचे पट्टे दाखवले, हिरवे पडलेले. आणि हवा ओढायच्या जाळीतून त्याने केसांचा आणि धुळीचा अक्षरशः एक गोळा काढला. ही जाळी मागच्या सीटच्या बाजूला असते. तिच्यातून पंखा आतली गार हवा ओढून बॅटरी थंड ठेवतो. आपल्याकडे त्याच कोपऱ्यात किराण्याच्या पिशव्या, ब्लँकेट, मुलांचे जॅकेट कोंबायची पद्धत आहे. उष्णता हा या बॅटरीचा खरा शत्रू. ॲरिझोनातल्या गाड्यांच्या बॅटऱ्या आमच्या किनाऱ्याकडच्यांपेक्षा आधी मान टाकतात ते त्यामुळेच. ती जाळी व्हॅक्यूमने साफ ठेवणं ही फुकटातली एकमेव देखभाल आहे, आणि कुणीही ती करत नाही.

रीबिल्ट का घेतली नाही, तर आमच्या एका मित्राचा अनुभव बघून. त्याला तीन वर्षांची वॉरंटी दिली होती आणि ती पाळलीही. पॅक गेला, बदलून दिला. तोही गेला, पुन्हा बदलून दिला. एक पैसा जास्त लागला नाही, पण दर वेळी गाडी दारात पडून, रजा टाकून माणसाची वाट बघायची. रीबिल्ट बॅटरीची वॉरंटी म्हणजे 'टिकेल' असं वचन नसतं. 'गेली तर तसलीच दुसरी देऊ' एवढंच असतं. तिचं कलम वाचताना मी चार गोष्टी बघते. बदलायची मजुरी धरलेली आहे का? माणूस घरी येणार की गाडी टो करून न्यायची, आणि ते पैसे कुणाचे? गाडी विकली तर वॉरंटी पुढच्या मालकाला जाते का? भाड्याने चालवली तर रद्द होते का? जाहिरातीत 'लाइफटाइम' लिहिलेलं असलं की हे प्रश्न दुप्पट आवाजात विचारायचे. आणि जुनी बॅटरी त्यांना परत द्यायची असते, ती दिली नाही तर कोर डिपॉझिट म्हणून मोठी रक्कम कापतात. कोटेशनमध्ये ती धरली आहे की वेगळी, हे आधीच स्पष्ट करून घ्या.

हा खर्च परवडतो का? माझा हिशेब असा. तिसऱ्या पिढीची प्रियस सरकारी चाचणीत गॅलनला ५० मैल देते. त्याच काळातली साधी कोरोला २९ च्या आसपास. वर्षाला १२,००० मैल धरले तर प्रियसला २४० गॅलन लागतात, कोरोलाला साधारण ४१४. गॅस, म्हणजे पेट्रोल, साडेचार डॉलर गॅलन धरा, वर्षाला पावणेआठशे डॉलर वाचतात. म्हणजे रीबिल्ट बॅटरी दीड ते अडीच वर्षांत फिटते, डीलरची चार ते सहा वर्षांत. दहा वर्षं जुनी गाडी अजून सहा वर्षं चालवणार नसाल तर डीलरच्या बॅटरीचं गणित बसत नाही. आणि तुम्ही घरून काम करत असाल, आठवड्यातून एकदा इंडियन स्टोअरला जाण्यापुरती गाडी हवी असेल, तर प्रियस घेऊच नका, कोरोला घ्या.

म्हणून माझा सल्ला एवढाच असतो: दहा वर्षांहून जुनी प्रियस बघायला गेलात तर बॅटरी आज ना उद्या जाणार असं धरूनच किंमत लावा. दोन हजार मनातल्या मनात वजा करा आणि मग घासाघीस सुरू करा. जाताना ओबीडीचा (गाडीच्या संगणकातली माहिती वाचणारा) छोटा डोंगल आणि फोनवर 'डॉ. प्रियस' ॲप न्या. २८ मॉड्यूल दोन-दोनच्या १४ गटांत दिसतात. गाडी जोरात पळवली, दाबून ब्रेक मारला की एखादा गट बाकीच्यांपासून फटकून वागतो का, ते बघा. वागला तर विक्रेत्याला पडदा दाखवा. बोलायची गरज पडत नाही.

खरं सांगू का, मला बॅटरीची भीती वाटतच नाही. तिचा खर्च माहीत आहे, ती अचानक दगा देत नाही, आणि बदलणारे गल्लोगल्ली आहेत. तिसऱ्या पिढीच्या प्रियसला खरा खड्डा इंजिनात आहे. ईजीआरचा, म्हणजे जळालेला धूर परत इंजिनात फिरवणारा, मार्ग काजळीने तुंबतो आणि पुढे हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाच्या दोन भागांमधलं सील, जातं. सकाळी थंड इंजिन सुरू होताना खडखड हादरलं तर त्या गाडीपासून लांब राहा. दुसऱ्या पिढीची असेल तर कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे गाडीखालचा धूर साफ करणारा भाग, जागेवर आहे का ते वाकून बघा. चोरांना तो इतका आवडतो की रात्रीत कापून नेतात, आणि नवा घालायचा खर्च बॅटरीच्या तोडीचा. हे मला कुणी विचारत नाही.

विचारतात ते वेगळंच. "काकू, गाडी सुरूच होत नाही, बॅटरी गेली वाटतं, आता तीन हजार?" दर वेळी आधी हेच सांगते की अजून एक छोटी बारा व्होल्टची बॅटरी असते, साध्या गाडीत असते तशी. संगणक जागा करायचं काम तिचं. ती उतरली की मोठी ठणठणीत असूनही गाडी मेल्यासारखी पडून राहते. सुट्टीत तीन-चार आठवडे भारतात जाऊन आलेल्यांचा फोन हमखास याच कारणासाठी असतो. तिची किंमत शेकड्यांत आहे, हजारांत नाही, आणि तिचा मोठ्या बॅटरीच्या वॉरंटीशी काही संबंध नाही.

पुण्याच्या भाचीने इनोव्हा हायक्रॉस घेतली तेव्हा तिनेही हेच विचारलं. भारतात टोयोटा, मारुतीची स्ट्राँग हायब्रिड ग्रँड व्हिटारा आणि होंडा सिटी, तिघींच्या हायब्रिड बॅटरीला ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर अशी वॉरंटी आहे. हा आकडा गंमतीचा आहे: १ लाख मैल म्हणजे जवळपास तेवढेच किलोमीटर. टोयोटाने तिकडे २०२१ च्या ऑगस्टपर्यंत ३ वर्षं किंवा १ लाख किलोमीटरच ठेवली होती, नंतर वाढवली. फक्त मारुतीच्या गाडीवर 'स्मार्ट हायब्रिड' लिहिलेलं असेल तर ती माइल्ड हायब्रिड, म्हणजे नुसत्या बॅटरीवर न चालणारा वेगळा प्रकार. ही आठ वर्षं तिला लागू नाहीत, तेव्हा बिल्ला बघून खूश होऊ नका.

हायक्रॉस बाजारात आली २०२२ च्या अखेरीस, म्हणजे वर्षांच्या हिशेबाने सगळ्यात पहिल्या गाड्यांचीही वॉरंटी २०३० च्या शेवटापर्यंत आहे. आतली बॅटरी प्रियससारखीच निकेल-मेटल हायड्राइडची. भाचीला मी सांगितलं की आत्ता बॅटरीची चिंता करू नकोस. सर्व्हिस वेळेवर कर, सर्व्हिसला टाकलीस की बॅटरीच्या हवेची जाळी साफ केल्याचं जॉब कार्डवर लिहून घे, आणि किलोमीटर १ लाख ५० हजारांवर पोचले की मुदतीआधी हायब्रिड सिस्टमची तपासणी मागून घे. वॉरंटीत काही निघायचं असेल तर तेव्हाच निघू दे. ती म्हणाली, "मावशी, तोपर्यंत आम्ही गाडी विकून टाकू." मग पुढच्या मालकाने विचारलं तर ते जॉब कार्ड त्याला दे म्हटलं, किंमत चांगली येईल.