आ करा

परवा दाढ ठणकायला लागली म्हणून डेंटिस्टची खुर्ची गाठावी लागली. डोळ्यात लाईट, तोंडात सक्शनची नळी, अर्धा गाल बधिर, आणि डॉक्टर विचारतात, "मग, सुट्टीत कुठे?" अहो कसं सांगू! तर असं आ वासून पडलेलं असताना मला जुने फुटबॉलपटू ॲलन आयलेट आठवले. मेलबर्नला आल्यापासून फुटीचा नाद लागलाय, म्हणजे ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉल, मैदान अंडाकृती, बॉलही अंडाकृती, एकेका टीमचे १८ जण एकमेकांवर आदळतात. तर हे आयलेट पेशाने डेंटिस्ट! दात पाडणाऱ्या खेळात दातांचा डॉक्टर, म्हणजे घरचंच गिऱ्हाईक की.

१९५२ ते १९६४ नॉर्थ मेलबर्न क्लबकडून २२० मॅच, शेवटची चार वर्षं कॅप्टन. रोव्हर होते, म्हणजे उंच धिप्पाड गडी वर बॉलसाठी झोंबत असताना खाली पडलेला बॉल उचलून सटकणारा चपळ माणूस. १९५८ च्या आंतरराज्य स्पर्धेत बेस्ट प्लेयरचं टॅसी मेडल मिळालं. पण क्लबला काही कप मिळेना.

मग १९७१ मध्ये तेच क्लबचे प्रेसिडेंट झाले, आणि माझ्या मते खरा खेळ इथे सुरू होतो. १९७२ ला टीमने अख्ख्या सीझनमध्ये एकच मॅच जिंकली, साफ तळाला! त्याच सुमारास लीगने, म्हणजे हे क्लब जिच्यात खेळायचे त्या व्हिक्टोरियन फुटबॉल लीगने, नियम केला की दहा वर्षं एकाच क्लबकडून खेळलेला खेळाडू क्लबच्या परवानगीशिवाय दुसरीकडे जाऊ शकतो. बाकीचे विचार करत बसले असतील, नॉर्थने डग वेड, बॅरी डेव्हिस आणि जॉन रँटल असे तीन मातब्बर उचलले, वर कोच म्हणून रॉन बरासीला आणलं. नियम लगेच मोडीत निघाला, पण बॉल उचलून झाला होता ना! रोव्हरची सवय. १९७५ ला नॉर्थने पहिल्यांदा फायनल जिंकली.

पुढे १९७७ ते ८४ ते लीगचेच प्रेसिडेंट. त्यांच्याच काळात, १९८२ ला साउथ मेलबर्नचा क्लब उचलून सिडनीला हलवला, त्यावर लोक भयंकर चिडले, आणि चिडणारच, आपली टीम दुसऱ्या शहरात गेलेली कोणाला चालेल? ॲनेस्थेशिया न देता दाढ काढल्यासारखं ते.

पण मला मजा वाटते ती १९७७ च्या फायनलची. साहेबांचं लीगमधलं पहिलंच वर्ष, आणि फायनलला कोण, तर त्यांचंच नॉर्थ, समोर कॉलिंगवूड. ७६-७६ बरोबरी! पुढच्या शनिवारी पुन्हा मॅच, नॉर्थ जिंकलं. लीगचा प्रेसिडेंट म्हणजे सगळ्या क्लबांचा, त्याला ओरडता थोडंच येतं. लोकांना जन्मभर "आ करा" सांगणारा माणूस, दोन शनिवार स्वतःचं तोंड मिटून बसला असेल.