डब्यातली चिल्लर आणि पावलीचा वाघ

खान्देशात जुन्या घराची आवराआवर निघाली की कोठीतून एखादा गंजका डबा हमखास बाहेर येतो. हलवला की खुळखुळतो. आत चार आणे, आठ आणे, एखादा भोकाचा पैसा आणि पांढरट पडलेली हलकी ॲल्युमिनियमची नाणी. मग बहुतेक जण पहिल्यांदा मोबाइल काढून 'जुन्या नाण्याची किंमत' शोधतात. आधी नाणं कुठलं ते तर कळू द्या, किंमत पळून जात नाही. त्यासाठी लागतं काय? जुन्या स्पीकरमधलं लोहचुंबक, शतांश ग्रॅम दाखवणारा छोटा काटा आणि दहापट भिंग. काटा नसेल तर ओळखीचे सराफ दोन मिनिटांत तोलून देतात.

पहिल्यांदा चुंबक फिरवा. १९८८ नंतरची १०, २५ आणि ५० पैशांची पोलादी नाणी टपाटप चिकटतात, कारण त्यातलं स्टेनलेस स्टील लोह आणि क्रोमियमचं आहे. १९५७ नंतरचे सुरुवातीचे २५ आणि ५० नये पैसेही चिकटतात, पण ते पोलाद नव्हे, शुद्ध निकेल. तांबं-निकेलच्या मिश्रधातूची नाणी चिकटत नाहीत. त्यात निकेल २५ टक्के असलं तरी तांबं त्याचं चुंबकत्व मारतं. ॲल्युमिनियम, पितळ, कांसं अर्थातच नाही.

चुंबकाची खरी करामत पावलीवर, म्हणजे चार आण्यांच्या नाण्यावर दिसते. ब्रिटिश राजा सहाव्या जॉर्जची १९४५ पर्यंतची पावली चांदीची, शेवटच्या वर्षांत निम्मी चांदी. १९४६ आणि १९४७ ची निकेलची, मागे चालता वाघ. दोन्हींचं वजन साधारण २.९२ ग्रॅमच, त्यामुळे काटा इथे काही सांगत नाही. वाघाची पावली चुंबकाला धरते, चांदीची धरत नाही. काळवंडलेल्या ढिगातून चांदी वेगळी काढायला घासून बघायची गरज नाही, आणि घासूही नये. का ते पुढे येईलच.

भोकाचा पैसा १९४३ ते १९४७ मधला. महायुद्धात तांब्याची टंचाई होती, म्हणून मधला धातू काढून घेतला. वजन जेमतेम २ ग्रॅम. भोक मूळचं आहे की कुणी नंतर पाडलंय, हा प्रश्न या नाण्यापुरता येत नाही, पण भोकाची कड बघा. करगोट्यात किंवा गळ्यातल्या दोऱ्यात वर्षानुवर्षं राहिलेल्या पैशाची कड एका बाजूला झिजून लांबट होते.

स्वतंत्र भारताची पहिली मालिका १९५० ची. पैशावर धावता घोडा. अर्धा, एक आणि दोन आण्यांवर बैल. पावली, अधेली (आठ आणे) आणि रुपयावर गव्हाची कणसं. इथे फसायला होतं ते आकारात. अर्धा आणा चौकोनी, दोन आणे चौकोनी आणि १९५७ नंतरचे ५ नये पैसेही चौकोनीच. आणा झालरीचा, २ आणि १० नये पैसेही झालरीचे. बैल दिसला तर आणा, एवढं ध्यानात ठेवलं तरी निम्मा गोंधळ मिटतो. अर्धा आणा २.९२ ग्रॅम, दोन आणे ५.८३ आणि ५ नये पैसे ४ ग्रॅम.

१ एप्रिल १९५७ ला ६४ पैशांचा रुपया १०० नव्या पैशांचा झाला. चार आण्यांचे २५ आणि आठ आण्यांचे ५० बरोबर बसले, पण मधल्या आण्यांचं काय? एक आणा म्हणजे सव्वासहा नये पैसे. म्हणून एका आण्याला ६, दोनला १२ आणि तीनला १९ असा कोष्टकाचा हिशेब चालला. एकेक आणा तीनदा दिला तर १८, एकदम तीन आणे दिले तर १९. बाजारात यावरून किती हुज्जत झाली असेल, ते खान्देशी माणसाला सांगायला नको. लोकांना जुना-नवा फरक कळावा म्हणून नाण्यावर 'रुपये का सौवाँ भाग', 'रुपये का बीसवाँ भाग' असं चक्क गणितच छापलं होतं. १९६४ मध्ये 'नया' शब्द गेला. त्याच वर्षी षटकोनी ३ पैसे आले आणि ॲल्युमिनियमचा काळ सुरू झाला. १९६५ पासूनचा चौकोनी १ पैसा फक्त पाऊण ग्रॅमचा. हजार नाणी म्हणजे दहा रुपये, वजन पाऊण किलो.

आणा बाजारातून गेला, पण शेतकऱ्याच्या तोंडातून नाही. पीक पूर्ण आलं तर आजही 'सोळा आणे'. सरकारी आणेवारीची, म्हणजे पिकाच्या अंदाजाची, पैसेवारी झाली खरी. ती ५० पैशांच्या आत आली की दुष्काळाची चर्चा सुरू होते. कपाशीवाल्या गावांत 'आपली किती लागली?' हा प्रश्न नाण्याबद्दल नसतो, पैसेवारीबद्दल असतो.

आता २०११ ची गंमत. त्या वर्षीच्या मालिकेत रुपया आणि दोन रुपये आकाराने एक पायरी खाली सरकले. आधीचे पोलादी ५० पैसे २२ मिलिमीटर, ३.७९ ग्रॅम, २०११ चा रुपया तेवढाच. १९९२ चा पोलादी रुपया २५ मिलिमीटर, ४.८५ ग्रॅम, २०११ चे दोन रुपये तेवढेच. म्हणून आठवडे बाजारात संध्याकाळी गल्ला मोजताना आठ आणे रुपयाच्या चळतीत जातात आणि जुना रुपया दोनच्या. नजरेने न मोजता स्पर्शाने मोजणाऱ्यांना तर फारच त्रास. चूक माणसाची नाही, चकतीची आहे.

सालाखाली भिंग धरा. टांकसाळीची खूण तिथेच असते: मुंबईचा हिरा, हैदराबादचा तारा, नोएडाचा गोल ठिपका. काहीच नसेल तर कोलकाता. हैदराबादच्या जुन्या नाण्यांवर दुभंगलेला हिरा किंवा पोटात ठिपका असलेला हिराही दिसतो, तो मुंबईचा समजू नका. झिजलेल्या नाण्यावर खूण नाही म्हणून लगेच कोलकाता ठरवणं ही नवख्यांची नेहमीची चूक. आधी सालाचे आकडे धड वाचता येतात का ते बघा. ते पुसट असतील तर खूणही गेलेली असू शकते. १९८५ च्या काही रुपयांवर 'एच' अक्षर आहे, ते इंग्लंडातल्या बर्मिंगहॅमचे.

साफ करण्याबद्दल एकच सल्ला: करू नका. चिंच, लिंबू, राख, पितांबरी यांनी देवघरातली भांडी चकाकतात, पण नाण्याचा वरचा थर उतरतो. तांब्या-कांशाचं नाणं आधी गुलाबी दिसतं आणि महिन्याभरात डागाळतं. ॲल्युमिनियमला धुण्याच्या सोड्यात टाकलं तर बुडबुडे येतात, म्हणजे नाणंच विरघळत असतं. मातीच असेल तर साध्या पाण्यात रात्रभर ठेवावं, न चोळता टिपून सुकवावं. दोऱ्याचा डिंक किंवा सेलोटेपचा चिकटा असेल तर ॲसिटोन, तेही खिडकी उघडून आणि चुलीपासून लांब. तापीच्या पात्रात पडलेली नाणी बाहेर निघतात ती बहुधा इतकी खाल्लेली असतात की पाण्यानेही फरक पडत नाही.

ॲल्युमिनियम आणि तांब्याची नाणी एकाच डब्यात ठेवू नका. पावसाळ्यात ओल धरली की ॲल्युमिनियम आधी खाल्लं जातं. पांढरी भुकटी दिसते ती तीच. मऊ, वास येणाऱ्या प्लास्टिकच्या पाकिटातून काही वर्षांनी हिरवट चिकटा सुटतो, म्हणून कडक पारदर्शक पॉलिएस्टरची पाकिटं घ्या. नाणं कडेने धरा, घामट बोट पोटावर उमटलं की ते उमटून राहतं.

सातपुड्याच्या बाजूला, धडगाव-अक्कलकुवा भागात, पावरा आणि भिल बायकांच्या गळ्यात नाण्यांच्या माळा दिसतात. कडी डाकलेलं किंवा भोक पाडलेलं नाणं संग्राहक कमी किमतीत घेतो, हे खरं. पण तो दागिना आहे. नाणं मोकळं करायला माळ तोडली तर दागिनाही जातो आणि डाक लागलेल्या नाण्यालाही किंमत येत नाही.

राहिली किंमत. डब्यातली बहुतेक चिल्लर भरमसाट छापलेली, झिजलेली आणि स्वस्त असते. देवीचं चित्र असलेल्या पाच रुपयांच्या नाण्याला लाखो रुपये देतो म्हणून फोन आला, आधी 'नोंदणी फी' मागितली, की समजा ती फसवणूक आहे. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये स्वतः सांगितलंय की आपण असा व्यवहार करत नाही आणि कुणाला अधिकारही दिलेला नाही. चलनातलं नाणं धातूसाठी वितळवणं गुन्हा आहे, तेही कुणी 'भाव चांगलाय' म्हणालं तरी.

२५ पैसे आणि त्याखालची नाणी ३० जून २०११ ला चलनातून गेली. बँक आता ती घेणार नाही. ५० पैसे मात्र अजून कायदेशीर चलन आहेत, दुकानदार कितीही तोंड वाकडं करो. मर्यादा एवढीच की एका व्यवहारात आठ आण्यांची नाणी दहा रुपयांपर्यंतच देता येतात. वीस नाणी मोजून द्या. एकविसावं त्याने परत केलं तर त्याचं बरोबर आहे.