ओटीपी येतो, मग मुलीचा मेसेज का येईना?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. नांदेडच्या आमच्या मोबाइल दुकानात हा प्रश्न घेऊन येणारा माणूस बहुतेक वेळा सिम कंपनीला शिव्या घालतच आत शिरतो. आयफोन विकून अँड्रॉइड घेतलेला असतो. सिम तेच, नंबर तोच, पण अमेरिकेतल्या लेकीचे मेसेज काही येईनात. "सर, सिमच बदलून द्या."

मी एवढंच विचारतो, बँकेचा ओटीपी येतो का? येतो. मग सिमचा दोष नाही.

आयफोनवरून आयफोनला जातो तो बहुतेकदा एसएमएस नसतोच. २०११ पासून तो आयमेसेज म्हणून इंटरनेटवरून, ॲपलच्या सर्व्हरमार्गे जातो. तो निळा दिसतो, साधा एसएमएस हिरवा. तुम्ही फोन विकला, पण त्या सेवेला जोडलेला नंबर तसाच राहिला. लेकीचा आयफोन अजून निळाच मेसेज धाडतोय, आणि तो घ्यायला तुमच्याकडे आयफोन नाही. तिकडं ती म्हणते, बाबांना उत्तर द्यायला काय होतं!

जुना फोन हाताशी असेल तर त्यात सिम घालून सेटिंग्जमधलं आयमेसेज बंद करा. विकला असेल तर ॲपलच्या वेबसाइटवर नंबर टाका, एसएमएसनं कोड येतो, तो भरा. ही सोय २०१४ ला आली.

व्हॉट्सॲप असताना ही कटकट कशाला, असंही विचारतात. खरंय. आपल्याकडं सगळं त्याच्यावरच चालतं, म्हणून हा घोळ महिनोन्‌महिने ध्यानात येत नाही. अमेरिकेत मात्र फोनमधलं मूळचं मेसेज ॲपच सर्रास वापरतात.

एसएमएसमध्ये आपल्या मराठीचे तर हालच. रोमन अक्षरं एका मेसेजात १६० मावतात, देवनागरीत फक्त ७०, आणि काना, मात्रा, अनुस्वार सगळे वेगळे मोजले जातात. नुसतं 'छत्रपती संभाजीनगर' लिहिलं तरी १७ संपले! लांब मजकुराचे दोन-तीन मेसेज होतात, पैसेही तसेच कापले जाऊ शकतात.

सप्टेंबर २०२४ मध्ये आयओएस १८ या आयफोनच्या नव्या सिस्टिमसोबत आयफोनवर आरसीएस, म्हणजे एसएमएसच्या जागी इंटरनेटवरून मेसेज-फोटो धाडायचं तंत्र, आलं. आता अँड्रॉइडला पाठवलेला फोटो पूर्वीसारखा धुरकट होत नाही. पण सिम कंपनीनं ते चालू केलेलं असावं लागतं, नाहीतर पुन्हा एसएमएसच.

जुना आयफोन आमच्याकडं विकायला आणलात तर पैसे मोजायच्या आधी काउंटरवरच आयमेसेज बंद करायला लावतो. वैतागू नका.