टँकरच्या पाण्यावरचा सोमवार

सोमवारी सकाळी सहाला मी वहीच्या पानावर 22 नावं हाताने लिहून काढली आणि प्रत्येक नावापुढे एक आकडा मांडला: शेवटचं डायलिसिस होऊन किती तास झाले. कॉम्प्युटर बंद, फोन बंद, बाहेर अजून उजाडायचं होतं. एकही आकडा शंभराच्या खाली नव्हता.

तारीख 30 सप्टेंबर 2024. मी अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्यात, ॲशव्हिल शहराजवळच्या एका डायलिसिस केंद्रात नर्स आहे. माहेर सांगलीचं. 2005 चा पूर मी स्वतः पाहिलाय, आणि 2019 मध्ये आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांवर गेलं तेव्हा इथे बसून रात्रभर घरी फोन लावत होते. नदीचा पूर मला नवा नाही. पण समुद्रातलं वादळ डोंगरात येऊन पूर आणेल हे मला खरंच वाटलं नव्हतं. हेलीन चक्रीवादळ 26 तारखेच्या रात्री फ्लोरिडाच्या किनाऱ्याला धडकलं. तिथून ॲशव्हिल 600 किलोमीटर लांब आणि समुद्रसपाटीपासून साडेसहाशे मीटर उंच. लोक इथे वादळांपासून लांब राहायला येतात.

वादळ यायच्या आधीच दोन दिवस पाऊस लागून राहिला होता. जमीन पाणी पिऊन तुडुंब झालेली. त्यावर शुक्रवारी सकाळी वादळ आलं. दमट वारा डोंगराला अडून वर चढला की पाऊस जास्तच कोसळतो, घाटावर आपण बघतोच. जवळच्या माउंट मिचेल शिखरावर तीन दिवसांत 24 इंचांहून जास्त पाऊस झाला. शहरातून वाहणारी फ्रेंच ब्रॉड नदी 24.67 फुटांवर गेली आणि 1916 च्या पुराचा विक्रम मोडला. अरुंद दऱ्यांमधून आलेलं ते पाणी सांगलीसारखं हळूहळू चढत नाही. ते घरं, पूल, रस्ते घेऊनच जातं. शहराच्या मुख्य जलाशयातून येणाऱ्या वाहिन्या तुटल्या. 2004 च्या पुरानंतर मुद्दाम टाकलेली पर्यायी वाहिनीसुद्धा वाहून गेली.

डायलिसिसला पाणी किती लागतं हे बाहेरच्यांना माहीत नसतं. चार तासांच्या एका बैठकीत एका माणसाच्या रक्ताशेजारून सुमारे 120 लिटर शुद्ध पाणी जातं, आणि आरओमध्ये वाया जातं ते वेगळं. नळ कोरडा म्हणजे केंद्र बंद. आणि डायलिसिस हुकलं की शरीरात पाणी साठतं, पोटॅशियम चढतं. माणूस बोलता बोलता जाऊ शकतो.

साडेसातच्या सुमारास टँकर आला. जनरेटर रविवारीच लागला होता, पण त्यावर आठच मशीन चालणार होत्या. टँकरच्या पाण्यात क्लोरीन भरपूर असतं. ते रक्तापर्यंत पोचलं तर तांबड्या पेशी फुटतात. म्हणून आधी कार्बनच्या दोन टाक्या, मग आरओ. आमच्या तंत्रज्ञाने पहिल्या टाकीनंतरचा नमुना घेतला. क्लोरीनची मर्यादा लिटरला 0.1 मिलिग्रॅम, तपासणीच्या पट्टीचा रंग त्याच्या पलीकडे गेला. बाहेर व्हरांड्यात सहा जण व्हीलचेअरवर बसलेले, त्यातल्या एका आजींचा श्वास काचेआडून दिसत होता. त्या क्षणी "चालेल" म्हणायचा मोह किती होतो, ते मी इथे प्रामाणिकपणे लिहून ठेवते. आम्ही प्रवाह कमी केला, दुसऱ्या टाकीनंतरचा नमुना तीनदा तपासला. तिन्ही वेळा शून्य. मग दर अर्ध्या तासाने तपासायचं ठरवून दोघांनी सह्या केल्या आणि दार उघडलं.

प्रत्येकाला चारऐवजी अडीच तास. एक निवृत्त ट्रकचालक स्वयंसेवकांच्या अग्निशमन दलाच्या गाडीतून आले. दरड कोसळली होती तिथून पुढे त्यांना दोघांनी धरून चालवत आणलं होतं. आम्ही दिलेला आपत्कालीन आहाराचा कागद त्यांच्या खिशात होता, ओला होऊन फाटलेला. डब्यातली फळं रस काढून टाकून खाल्ली, असं ते शाळकरी मुलासारखं सांगत होते.

दहाच्या सुमारास आलेली एक बाई मात्र हसत होती आणि पाय उचलत नाहीत म्हणाली. नाडी हाताला मंद लागली. मी तिला मशीनवर घेतलं नाही, थेट रुग्णालयात पाठवलं. ती रागावली, चार दिवस वाट पाहिली आणि आता परत पाठवता म्हणाली. तिचं पोटॅशियम फार चढलं होतं, हे मला संध्याकाळी कळलं. ती वाचली.

रात्री अकरापर्यंत, रुग्णालयात पाठवलेली ती बाई धरून, 20 नावांपुढे खूण झाली. एकजण शेजारच्या टेनेसी राज्यात मुलीकडे पोचला होता. उरल्या एक आजी, खोऱ्यातल्या; त्यांच्या घराकडचा पूलच गेला होता. बुधवारी दुपारी शेजाऱ्यांनी त्यांना ओढ्यापलीकडून उचलून आणलं. त्यांच्यापुढचा आकडा होता 162.

मंगळवारी पहाटे आईशी फोन लागला. तिचा पहिला प्रश्न सांगलीचाच: "अगं, पाणी किती फुटावर आहे?" उतरलं म्हटलं. पण नळाला नाही म्हटल्यावर तिने विचारलं, तुरटी आहे का घरात? पुढे त्या जलाशयातला चिखल बसवायलाही तुरटीच्याच जातीचं रसायन टाकलं गेलं. इतकी बारीक माती वर तरंगत राहिली होती की आठवडेच्या आठवडे ती खाली बसेना.

त्या आठवड्यात आणखी एक बातमी आली. मॅरियन गावाजवळच्या नॉर्थ कोव्हमधला कारखाना पुरात बंद पडला होता. अमेरिकेतल्या सलाईनचा सुमारे 60 टक्के पुरवठा तेव्हा तिथून व्हायचा, आणि घरी पोटातून डायलिसिस करणाऱ्यांचं द्रावणही. प्रत्येक बैठकीला आम्हाला सलाईनची पिशवी लागते. मग तीही मोजून वापरायची वेळ आली, आणि आमच्यासारखीच ती दूरदूरच्या रुग्णालयांवरही आली.

नळाचं पाणी पिण्याजोगं झाल्याचं जाहीर झालं 18 नोव्हेंबरला, 53 दिवसांनी. आम्ही टँकरचा पाइप काढला आणि नळ सोडला. त्या पहिल्या दिवशीही दर अर्ध्या तासाने नमुना घेत राहिलो, पट्टी उजेडात धरून, दोघांच्या सह्यांसह.