हर्निया आधी की पित्तनलिका?

एकाच पोटात दोन आजार सापडले, की त्यांपैकी कोणता आजार कोणता त्रास देतो हे ठरवणे शस्त्रक्रियेइतकेच अवघड असते. देवगडच्या माझ्या आत्याला आडवे झाले की घशाशी आंबट पाणी येई आणि जेवणानंतर उजव्या बरगडीखाली कळ उठून पाठीपर्यंत जाई. घरात दोन्हींना ‘पित्त’ म्हणत आणि कोकमाचे आगळ देत. आंबट ढेकरांवर आंबटच औषध कसे, असे मात्र कोणी विचारत नसे.

एंडोस्कोपीत हायटस हर्निया दिसला. श्वासपटलातील ज्या छिद्रातून अन्ननलिका खाली उतरते ते सैल होऊन जठराचा वरचा भाग छातीत सरकला होता. सोनोग्राफीत पित्ताशयात खडे आढळले आणि मुख्य पित्तनलिका 12 मिलिमीटरपर्यंत फुगलेली दिसली, म्हणून कोल्हापूरच्या सर्जननी एमआरसीपी, म्हणजे पित्तनलिकांचा एमआरआय, करून घेतली. तीत नलिकेत अडकलेला खडा तर दिसलाच, शिवाय यकृताच्या उजव्या भागातून येणारी एक नलिका नेहमीपेक्षा बरीच खाली, पित्ताशयाच्या नळीजवळ, मुख्य नलिकेला मिळत असल्याचे कळले. ही जन्मजात ठेवण सहसा त्रास देत नाही. पण पित्ताशय काढताना यकृतातून येणारी ही नलिकाच चुकून कापली जाण्याची भीती असते.

हायटस हर्निया, पित्ताशयातील खडे आणि मोठ्या आतड्यातील डायव्हर्टिक्युला (आतड्याच्या भिंतीतून बाहेर फुगलेल्या छोट्या पिशव्या) या त्रिकुटाला दक्षिण आफ्रिकेतील सर्जन सेंट यांचे नाव आहे. सर्व लक्षणांचे मूळ एकाच आजारात शोधू नये, हा त्यांचा आग्रह मला फार पटला.

आधी ईआरसीपीने, म्हणजे तोंडातून दुर्बीण घालून, नलिकेतील खडा काढला. नंतर अन्ननलिकेची ताकद मॅनोमेट्रीने तपासून, एकाच भुलीत दुर्बिणीतून पित्ताशय काढले, श्वासपटलाचे छिद्र टाक्यांनी आवळले आणि जठराचा वरचा भाग अन्ननलिकेभोवती गुंडाळला. रुडॉल्फ निसेन यांनी 1956 मध्ये प्रसिद्ध केलेल्या पद्धतीचाच हा आजचा अवतार. पित्त सांडल्यास जंतुसंसर्गाची शक्यता असल्याने छिद्राला आधार देणारी जाळी बसवली नाही. पित्तनलिकेत कोलेडोकल सिस्ट, म्हणजे नलिकेचा जन्मजात फुगवटा, असती, तर ती काढून यकृताची नलिका लहान आतड्याला जोडावी लागली असती, आणि तेव्हा हर्नियाची शस्त्रक्रिया पुढे ढकलणे बहुधा शहाणपणाचे ठरले असते.

गुंडाळीमुळे काही आठवडे घास अडकतो, म्हणून आत्या सध्या पेज आणि गुरगुट्या भातावर आहे. तळलेल्या बांगड्याची चौकशी मात्र ती रोज करते.