आईचा गुडघा अन् संत्रा बर्फी

आईला घेऊन पुण्याला ताईकडे चाललो होतो. नागपूरचं सोनेगाव एअरपोर्ट घरापासून वीस मिनिटं, फ्लाइट सकाळी सहाची, तरी आईनं अडीचलाच उठवलं. तिखट लोणचं हँडबॅगेत चालत नाही म्हणून बरणी मी आधीच चेक-इनच्या बॅगेत टाकली होती, पण संत्रा बर्फीचे दोन डबे हातातल्या बॅगेतच ठेवले, नाहीतर ताईपर्यंत भुगाच पोचला असता.

सिक्युरिटीला आई त्या मेटल डिटेक्टरच्या चौकटीतून गेली अन् पीं! गुडघा बदललाय, आत धातू, वाजणारच. मी फाइलमधून डॉक्टरचं कार्ड काढेपर्यंत लेडी कॉन्स्टेबल तिला पडद्यामागं घेऊन गेलीसुद्धा. पाच मिनिटं झाली, दहा झाली, आई काही येईचना.

तेवढ्यात "ये बैग किसका है?" माझीच, बाजूच्या लाइनीत ढकललेली. आता त्या एक्सरेच्या स्क्रीनवर धातू दिसतो निळा, अन् खायच्या वस्तू, कागद, कापड हे सगळं केशरी, अन् स्फोटकंही बहुतेक केशरीच. म्हणजे माझ्या बॅगेत दोन जाड केशरी विटा, अन् मधे जागा होती म्हणून मी शहाण्यानं कोंबलेली पॉवर बँक, वरून वायर गुंडाळून! ती चेक-इनमध्ये टाकायची नसते हे लक्षात होतं, ट्रेमध्ये काढून ठेवायची हे साफ विसरलो. स्क्रीन पाहून मलाच घाम फुटला.

मग काय, बॅग रिकामी. आईची उशीची खोळ, सांडग्यांची पुडी, सगळं लोकांसमोर टेबलावर. जवानानं एक पट्टी चेनवर, डब्यांवर, माझ्या तळहातावर घासून मशीनमध्ये घातली, स्फोटकाचे कण आहेत का पाहायला. काही सेकंदांचंच काम, पण मागची अख्खी लाइन माझ्याकडेच पाहून राहिली होती. काही निघालं नाही.

अन् आई पडद्यातून हसतच बाहेर. "अरे, पोरगी आपल्या अमरावतीची निघाली, तिच्या आईचाही गुडघा करायचा आहे, डॉक्टरचा पत्ता सांगून आली." मग उघडे डबे दिसले. "काऊन रे, इथंच खाऊन राहिला का?" अन् एक वडी थेट जवानापुढे.

"ड्यूटी पे हूँ, माताजी."

डब्याची सुतळी काही सापडली नाही. पुण्यापर्यंत झाकणं हातानं दाबून बसलो.